बोटीचं नाव नसलेला दगड

(बॅन्फशायरच्या किनाऱ्यावरचं पोर्टस्कार गाव. माइमा आत्या आणि तिचा नवरा डॉड यांचं स्वयंपाकघर. हिवाळ्यातली दुपार कलत आलेली.)

माइमा: आणि कॅनडातला कोण तो उपटसुंभ फोनवर काहीतरी बरळला, म्हणून तू ग्लासगोहून धावत आलीस? चौथा महिना चालू असताना? आधी ते सूप घे. निवून चाललंय.

इश्बेल: उपटसुंभ नाही गं आत्या, आपल्याच रक्ताचा आहे. तुझ्या आजोबांचा भाऊ तिकडे गेला होता ना, त्याचा पणतू. मी आपली बाळासाठी हौसेने इंटरनेटवर वंशावळ लावत होते. माझं नाव दिसलं म्हणून त्याने फोन केला. आणि पहिलाच प्रश्न विचारला, तुमच्याकडे कुणाला हंटिंग...

माइमा: लोखंड! थंड लोखंड! डॉड, त्या लोखंडी चुलीला हात लाव! लाव म्हणते ना!

डॉड: लावला बाई, लावला.

माइमा: तूही लाव, इश्बेल. माझ्या घरात ते नाव काढायचं नाही.

इश्बेल: बोटीवर कुणी डुकराचं नाव काढलं की अपशकुन टळायला लोखंड धरतात, ते मला माहीत आहे. पण हा पिढीजात आजार आहे, आत्या. आणि मी तर नाव पुरतं घेतलंही नव्हतं. अर्ध्यातच कसं ओळखलंस?

माइमा: टीव्हीवर ऐकलं असेल कधीतरी.

इश्बेल: तुझ्या चेहऱ्याचा रंग उडालाय.

माइमा: उडेल नाहीतर काय! आल्या आल्या असलं अभद्र बोलायला लागलीस. अगं, या गावात दगड भिरकावला तर फ्लेटलाच लागतो. निम्म्या गावाचं आडनाव फ्लेट. म्हणून तर घराघराला वेगळं टोपणनाव. तो तुझा कॅनडावाला टोशर फ्लेट असणार. आपण डोसी फ्लेट. डोसींचा नि टोशरांचा काडीचा संबंध नाही. झालं समाधान? आता जेव.

इश्बेल: तो म्हणाला, "आम्ही डोसी." तिकडे जाऊन चार पिढ्या झाल्या, पण टोपणनाव सोडलेलं नाही त्यांनी.

डॉड: घ्या.

माइमा: तू गप्प बस.

डॉड: मी कुठे काय म्हणालो?

माइमा: तुझं "घ्या" मला पुरतं कळतं.

इश्बेल: येताना मी कबरस्तानात जाऊन आले. बुडालेल्या प्रत्येक माणसाच्या दगडावर त्याच्या बोटीचं नाव आहे. बाबांच्या दगडावर आहे, 'मॉर्निंग गिफ्ट'. पण आजोबांच्या दगडावर नुसतंच 'समुद्रात बुडाला'. त्यांची बोट कुठली होती, आत्या?

माइमा: कोरणारा विसरला असेल.

इश्बेल: पोर्टस्कारमध्ये? इथली माणसं पोरांची नावं विसरतील एक वेळ, बोटींची नाही विसरायची.

डॉड: हे मात्र खरं.

माइमा: डॉड!

डॉड: सांग तिला, माइमा. अख्ख्या गावाला ठाऊक आहे. तिलाच तेवढं नाही. तू सांगणार नसशील तर मी सांगतो. पोरी, बोट नव्हती. तुझा आजा रविवारचा सूट घालून धक्क्याच्या पायऱ्या उतरला आणि उतरतच गेला. लोक प्रार्थनेला निघाले होते. कुणी पोचायच्या आत टोपी तेवढी वर राहिली.

माइमा: दगड खोटं बोलत नाही. बुडालाच माझा बाप.

इश्बेल: अरे देवा. पण का?

माइमा: का म्हणे! धड चालता येत नव्हतं त्याला. झोकांड्या जायच्या. हात थाऱ्यावर नसायचे, तोंड वेडंवाकडं व्हायचं. आमच्या प्रार्थनामंडळीत कुणी दारूला शिवत नाही, बापाने तर जन्मात थेंब घेतला नाही. तरी गाव म्हणायचं, "डोसी पुन्हा पिऊन आला." आणि माझ्या आईने एकदाही नाही म्हणून सांगितलं नाही. कळतंय का तुला? दारुड्याच्या पोरींची लग्नं होतात. त्या रोगाच्या घरातल्या पोरींना कोण विचारतंय!

इश्बेल: आणि तुझे आजोबा?

माइमा: मागच्या खोलीत. बाहेरून कडी. पुरे आता.

इश्बेल: म्हणजे कॅनडावाला खरं बोलला.

माइमा: पण मी बघ ना! सत्तरी उलटली, अजून सुईत दोरा ओवते. सगळ्यांनाच होत नाही ते.

इश्बेल: निम्म्या मुलांना होतं, निम्म्यांना नाही. तू सुटलीस.

माइमा: सुटले म्हणतेस. सुटले हे कळायला अर्धं आयुष्य गेलं. चाळिशी-पन्नाशीपर्यंत कुठे कळतं? रोज सकाळी डोळे उघडले की आधी हात समोर धरून बघायचे. हालतात का, हालतात का! मग चूल पेटवायची. म्हणून तर मूल होऊ दिलं नाही मी.

डॉड: काय म्हणालीस?

माइमा: काही नाही.

डॉड: होऊ दिलं नाहीस? तू म्हणायचीस, देवाच्या मनात नाही.

माइमा: गोळ्या घेत होते मी. बॅन्फच्या डॉक्टरकडून.

डॉड: आणि मी जन्मभर समजत आलो की खोट माझ्यात आहे. बोटीवर पोरं चेष्टा करायची, मी मान खाली घालून जाळी ओढायचो. तुला माहीत होतं मी असं समजतो?

माइमा: माहीत होतं.

डॉड: वा. धन्य आहे तुझी.

माइमा: भांड माझ्याशी, हवं तेवढं भांड. पण नंतर. तुझ्या पाया पडते, डॉड. आत्ता ही पोर समोर बसलीय.

इश्बेल: काका, चुकलंच माझं. मी यायलाच नको होतं.

डॉड: तुझं काय चुकलं? विचार तुला विचारायचं ते.

इश्बेल: बाबांना होतं का?

माइमा: तुझा बाप ऐन तिशीत गेला. बोट उलटली, सगळेच्या सगळे गेले. तो रोगाने नाही गेला.

इश्बेल: कशाने गेले ते नाही विचारत मी. त्याआधी त्यांचे हात कसे होते? उद्या ॲबर्डीनला डॉक्टरीणबाई हेच विचारणार आहेत. बाबांना होतं, तर मला असण्याची शक्यता अर्धी. मला असलं, तर बाळालाही तेवढीच. नीट आठवून सांग. तुझा पाठचा भाऊ होता तो.

माइमा: मी बघितलंच नाही.

इश्बेल: असं कसं? दर रविवारी तुमच्याकडेच जेवायचे ना ते?

माइमा: मुद्दाम बघितलं नाही. तो जेवायला बसला की मी चुलीकडे तोंड करून उभी राहायचे. बशीवर काटा वाजायला लागला की भांडी जोरजोरात घासायला घ्यायचे.

इश्बेल: म्हणजे वाजायचा.

माइमा: सूप निवलं बघ तुझं.

इश्बेल: आत्या.

माइमा: वाजायचा. शेवटच्या वर्षी फार वाजायचा.

डॉड: मला वाटायचं, पोराला थंडी बाधतेय.

इश्बेल: परवा माझ्या हातातून किटली निसटली. तुमचा जावई रोरी हसला. म्हणाला, "गरोदर बायका अशाच धांदरट होतात." मलाही हसायचं होतं. तेव्हापासून मी त्याच्यासमोर काही उचलतच नाही. झोपले की पायाची बोटं हालतात असं वाटतं, मग उठून दिव्याखाली बघत बसते. हालतात की मीच हालवते, काही कळत नाही. फार भीती वाटते गं आत्या.

माइमा: मलाही वाटते, राणी. तू दारात उभी राहिलीस तेव्हापासून वाटतेय.

इश्बेल: मग बघ माझे हात.

माइमा: डॉक्टर बघतील की उद्या.

इश्बेल: त्या रक्त घेतील, तपासायला पाठवतील, मग आठवडेच्या आठवडे वाट बघा. सुरुवात कशी दिसते ते तुला माहीत आहे. घरात तू एकटीच उरलीयस ते पाहिलेली.

माइमा: नको गं. बापाचं बघितलं, तेवढं पुरे झालं. तुझं बघायला नको सांगूस. माझ्याने नाही व्हायचं.

इश्बेल: काही दिसलं तर सांग, नाही दिसलं तरी सांग. पण तोंड फिरवू नकोस. बाबांच्या वेळी फिरवलंस तसं माझ्या वेळी नको.

डॉड: माइमा, वळ इकडे.

माइमा: तू रागावलायस माझ्यावर.

डॉड: रागावलोच आहे. तरी वळ. मी आहे इथे.

माइमा: दिवा लाव मग, डॉड. अंधारून आलंय. आणि तो माझा चष्मा दे... ये गं, अशी जवळ बस. आण हात.