खुराड्यातल्या गाद्या

चिऊ : बाबा, हात नका लावू त्याला! आधी इकडे बघा.

बाबा : काय बघू? गादी आहे ती. कोंबड्यांच्या बसायच्या दांडीची. मीच शिवलीय.

चिऊ : तुम्ही शिवलीय ते कळलं मला. दुसरं कोण शिवणार? ही कडेची शिवण उलटी केलीय, ती बघा. चष्मा कुठंय तुमचा?

बाबा : कपाळावर आहे. हं. धूळ दिसतेय.

चिऊ : धूळ चालते का?

बाबा : ...चालतेय की गं.

चिऊ : आता हा पांढरा कागद त्यावर दाबते. बघा.

बाबा : अगं, रक्त! तुझं बोट कापलं काय?

चिऊ : माझं नाही, कोंबड्यांचं आहे. रात्रभर रक्त पिऊन टम्म झालेत आणि दिवसा तुमच्या शिवणीत झोपा काढतायत. किडे आहेत हे, बाबा. दळण सांडावं तसे सांडलेत आत.

बाबा : म्हणजे मला चार दिवस हे अंगावर जे...

चिऊ : खाजतंय?

बाबा : मला वाटलं घामोळं आलंय.

चिऊ : बनियन काढा आधी. बादलीत टाका. नाही, घरातली बादली नको, ती फुटकी घ्या. अख्ख्या खुराड्याला मखमल लावून ठेवलीत तुम्ही!

बाबा : मखमल नाही. सोफ्याचं कापड आहे, आत कोटाच्या खांद्याचा स्पंज. दुहेरी शिवण आणि वरून पायपिंग.

चिऊ : वा! किड्यांना बंगला बांधून दिलात, वर बाल्कनीसुद्धा काढलीत. कुणी सांगितलं होतं हो कोंबड्यांना गाद्या शिवायला?

बाबा : सांगायला कशाला हवं कुणी? दिसत होतं मला. संध्याकाळ झाली की आत जायला मागायच्या नाहीत. आत ढकलल्या तरी पुन्हा बाहेर. फाटकाकडे तोंड करून बसायच्या सगळ्या. ती मास्तरीण कोंबडी तर खाणंच टाकून बसली. म्हटलं, तुझ्या आईची वाट बघतायत बिचाऱ्या. जरा मऊ करून दिलं तर रमतील.

चिऊ : आत गेल्या की किडे फोडून काढतायत त्यांना. कोण जाईल आत? मास्तरणीचा तुरा बघा, लाल होता ना? पार उतरलाय. आजारी माणसाच्या ओठासारखा झालाय.

बाबा : मला वाटलं, मनाला लावून घेतलं तिनं.

चिऊ : बाबा, कोंबडी आहे ती!

बाबा : ओरडू नकोस. गुरांच्या डॉक्टरांनी उत्तर दिलं का तुझ्या फोटोला?

चिऊ : मघाशीच दिलं. म्हणतात, हे लाकडाच्या फटीत होतेच आधीपासून, गाद्यांनी शंभरपट वाढले. सगळं बाहेर काढा, फटीफटीत उकळतं पाणी ओता, उन्हात कडकडीत वाळवा, मग चुना. पावडर त्यांच्या दवाखान्यात मिळेल, ती पंखाखाली चोळायची. आणि आठवड्यानं पुन्हा सगळं हेच करायचं, कारण अंडी मागे राहतात. गाद्या जाळायच्या.

बाबा : जाळायच्या कशाला? नवं कापड आहे. उसवतो, कापड तरी वाचेल.

चिऊ : उसवू नका! अहो कात्री ठेवा ती! उसवलंत की अंगभर पसरतील. मी पार्लरमध्ये रोज लोकांची डोकी बघते, मला शिकवू नका किड्यांचं.

बाबा : बरं, बरं. पाणी ठेवतो. मोठं पातेलं कुठं ठेवते गं ही?

चिऊ : तुम्हाला स्वतःच्या घरातलं पातेलं माहीत नाही?

बाबा : मला माझ्या मशीनचा ड्रॉवर माहीत आहे. बाकी तिला माहीत असतं.

चिऊ : तेच म्हणते मी. थांबा, ह्यांना फोन करते. दुपारी आईला घेऊन निघणार होते. सांगते, आज आणू नका.

बाबा : का?

चिऊ : का काय? पोटाचे टाके अजून नीट वाळले नाहीत तिचे. तिला असल्या घरात आणू?

बाबा : किडे खुराड्यात आहेत. घरात नाहीत.

चिऊ : तुमच्या बनियनमध्ये आहेत!

बाबा : मी आंघोळ करतो. दोनदा करतो. चादरी उकळतो. संध्याकाळपर्यंत लख्ख करतो सगळं, तू बघच. फोन ठेव खाली.

चिऊ : बाबा, बसा जरा. किती येरझाऱ्या घालताय. मी आज नाही, पण उद्या बोलणारच होते. आईला माझ्याकडेच राहू दे.

बाबा : किती दिवस?

चिऊ : दिवस नाही. राहू दे.

बाबा : म्हणजे कायमची?

चिऊ : असं बघू नका. माझ्याकडे ती दुपारी झोपते, बाबा. इथं कधी आडवी झालेली बघितलीत तिला? उठली की चूल, चूल झाली की कोंबड्या, कोंबड्या झाल्या की तुमची गिऱ्हाइकं आणि त्यांचा चहा. ऑपरेशनच्या टेबलावरसुद्धा विचारत होती, दाणे टाकले असतील का म्हणून. आणि तुम्ही काय केलंत? फोनवर सांगितलंत, कोंबड्या तुझी वाट बघतात!

बाबा : मला तसंच वाटलं होतं गं.

चिऊ : तेव्हापासून तिला चैन नाही. सकाळी उठून पिशवी भरते, मी रिकामी करते. आमच्या ह्यांच्या मागे लागलीय, गाडी काढा, गाडी काढा. कोंबड्यांसाठी! माझ्यासाठी दोन दिवस जास्त राहवत नाही तिला. मला वाईट नाही वाटत?

बाबा : वाटत असेल. तुझी आई आहे.

चिऊ : मग सांगा तिला. तुम्ही सांगितलंत तर ऐकेल.

बाबा : काय सांगू?

चिऊ : खरं ते सांगा. कोंबड्या वाटबिट काही बघत नव्हत्या.

बाबा : आणि ते कळल्यावर नाही आली तर?

चिऊ : नाही आली तर नाही आली.

बाबा : सोपं आहे गं तुला. पातेलं सापडलं, हे बघ. काडेपेटी दे. या गाद्या मीच पेटवतो, तू लांब हो. चांगलं कापड होतं... जाऊ दे. मास्तरणीला धर, उन्हात ठेव. पायाखाली राख टाक जरा, लोळू दे तिला राखेत.

चिऊ : ही किती हलकी झालीय हो, बाबा.

बाबा : जगेल ना?

चिऊ : डॉक्टर म्हणतात, किडे गेले की भरून काढतात. थांबा, फोन वाजतोय. ह्यांचाच आहे. हॅलो?

आई : मी बोलतेय गं. निघू का आम्ही? जावई बूट घालून बसलेत.

चिऊ : आई, थांब. बाबांना बोलायचंय. स्पीकरवर टाकलाय, त्यांचे हात भरलेत.

आई : कशानं भरलेत? मशीन बिघडलं का?

बाबा : नाही. अगं, कोंबड्यांना किडे झालेत.

आई : अग्गोबाई! किती?

बाबा : मोजता येत नाहीत. माझ्यामुळे वाढले. मी त्यांना गाद्या शिवल्या.

आई : कोंबड्यांना?

बाबा : दांडीला. स्पंज घालून.

आई : माझी उशी फाटून कापूस नाकात जातो, ती दिसली नाही तुम्हाला. कोंबड्यांना गाद्या!

चिऊ : पायपिंग लावून, आई.

आई : तू हसू नकोस. मास्तरीण कशी आहे?

बाबा : उन्हात बसलीय. थकलीय. आणखी एक सांगायचं होतं. त्या तुझी वाट बघत नव्हत्या. आत किडे चावायचे म्हणून बाहेर बसायच्या.

आई : सगळ्याच?

बाबा : सगळ्याच.

आई : मास्तरीणसुद्धा?

बाबा : तीसुद्धा.

आई : बघा. आणि मी इथं पोरीला नको नको करून सोडलं. तिचं तोंड एवढंसं झालं, तरी मी आपली कोंबड्या, कोंबड्या. चिऊ, ऐकतेस का गं?

चिऊ : ऐकतेय.

आई : मग राहते मी. काय हो? इथं बरं आहे तसं. खिडकीत ऊन येतं, दुपारी डोळा लागतो. टाकेही वाळतील. कोंबड्यांचं तुमचं तुम्ही करताय.

बाबा : करतो. पाणी उकळायला ठेवतो. चुनाही आणतो आता.

आई : मग झालं तर. ठेवू?

बाबा : ठेव.

(फोन कुणीच ठेवत नाही. अंगणात गाद्या जळत असतात.)

चिऊ : बाबा?

बाबा : अगं, ऐक. ठेवू नकोस.

आई : काय राहिलं?

बाबा : तू ये.

आई : आता कशाला? कोंबड्या तर...

बाबा : कोंबड्यांचं मी बघतो. त्यांच्याकडे फिरकायचंसुद्धा नाही तू. माझ्यासाठी ये. करमत नाही मला. मशीनवर बसतो आणि उठतो. एक कॉलर सरळ लागली नाही तू गेल्यापासून. फाटकाकडे तोंड करून मीच बसत होतो, त्या आपल्या शेजारी होत्या. दुपारी झोप तू, खुशाल झोप. चहा मी करतो गिऱ्हाइकांना.

आई : पोरगी समोर आहे ना हो तुमच्या?

बाबा : आहे. असू दे.

चिऊ : मी नाही ऐकत, आई. मी चुना आणायला चाललेय.

आई : चिऊ, रागावलीस का?

चिऊ : रागावलेय. ह्यांना म्हणावं, गाडी हळू चालवा. टाक्यांना धक्के बसायला नकोत.

आई : अहो...

बाबा : बोल.

आई : जेवायला थांबा मग.