पैसे वरून निघालेत

...आणि हजेरीपट कोरा चालत नाही म्हणे! अहो, पाळणाघर बंद होतं. या सरकारी लोकांनीच बंद केलं होतं. साथ आली तेव्हा स्वतः येऊन दारावर कागद डकवून गेले, 'पुढील आदेशापर्यंत बंद', आणि आता तेच विचारताहेत, त्या सात महिन्यांची मुलांची हजेरी कुठाय. तुम्हाला सांगते, शिकलेली बाई आहे मी, बालसंगोपनाची पदविका भिंतीवर टांगलीय, नऊ रडकी मुलं एका दुपारी झोपवून दाखवलीयत, पण कचेरीच्या त्या खिडकीपुढे उभी राहिले की मला वाटायला लागतं, चूक आपलीच असणार. बंद म्हटल्यावर लगेच बंद कसं केलं आपण? जरा मागचा-पुढचा विचार नको?

थांबा, नीट सांगते. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, चौदा मुलं, मी आणि मावशी, एवढं माझं पाळणाघर. मावशी म्हणजे मुलांना सांभाळणारी, नात्यातली नव्हे, पण नात्यातल्यांपेक्षा बरी. साथ ओसरली, उघडायची परवानगी आली, पण तोवर भाडं थकलेलं, पुन्हा उघडायला हाती पैसा नाही. घरमालक भला माणूस, ओरडत नाही. नुसतं म्हणाला, "दोन महिने थांबतो ताई, मग मात्र खोल्या बघायला माणसं आणणार." आणि त्याच आठवड्यात पेपरात आलं, बंद पडलेल्या पाळणाघरांसाठी केंद्रानं राज्याला मदत दिली, आता राज्य ती वाटणार. आमच्या ह्यांनी मोठ्यांदा वाचून दाखवलं. सासूबाई म्हणाल्या, "चला, दुसऱ्यांची पोरं सांभाळण्याचं काहीतरी चीज झालं." मी त्या रात्री खुर्च्यांना कुठला रंग द्यायचा ते ठरवलं. असं आहे माझं. वरात दिसली की मी बारशाची तयारी करते.

गेले कचेरीत. कडेवर ठमी, माझी मुलगी, अडीच वर्षांची. खिडकीत चष्मा कपाळावर ठेवून बोलणारे कारकून. मान वर न करता म्हणाले, "पैसे वरून निघालेत."

"मग पोचले कुठवर?"

"निघालेत."

आता 'निघालोय' या शब्दाचा माझा अनुभव तुम्हाला काय सांगू. आमचे हे फोनवर निघालोय म्हणतात तेव्हा मागे ऑफिसातला प्रिंटर ऐकू येत असतो.

बरं, अर्ज भरला. त्यात तो हजेरीपट, बंद काळातला. रोजचा रकाना. मी खोटं कशाला लिहू? लिहिलं शून्य. सात महिने, दररोज, शून्य, आणि तेही लाल शाईनं, एका ओळीत, पट्टी लावून. चष्मेवाल्यांनी पान उलटलं, दुसरं उलटलं...

"शून्य मुलं म्हणजे पाळणाघर नाही. पाळणाघर नाही, तर मदत कशाला?"

"आणि मुलं लिहिली असती तर?"

"तर बंदी मोडली. दंड."

"मग बरोबर उत्तर काय आहे?"

"ते वरून यायचंय. पैसे निघालेत तेवढं नक्की."

रोज यायला सांगितलं. मी जायची. माझ्यासारख्या आणखी पंधरा-वीसजणी, प्रत्येकीच्या हाताला एक, पोटाशी एक. न्यायची कुठं मुलं? पाळणाघरं बंद! मग काय, कोणी फायलींवर चढतंय, कोणी शिक्के चाटतंय, माझ्या ठमीनं एका साहेबांच्या बुटात पाणी ओतलं. आतून मोठ्या मॅडम बाहेर आल्या, सोनेरी काडीचा चष्मा, आवाज अगदी मऊ, "असं कसं चालेल? मुलांची काहीतरी सोय करायला हवी." तुम्हाला सांगते, सात महिन्यांत मला पहिल्यांदा वाटलं, कुणाला तरी कळलं.

चार दिवसांत सोय झाली. इतकं झटपट सरकारी काम मी जन्मात पाहिलं नव्हतं. कोपऱ्यात सतरंजी, ठोकळे, एक प्लॅस्टिकचा घोडा, वर फलक, 'बालकोपरा'. आणि त्या घोड्याला धरून, निळा एप्रन घालून, कोण? आमची मावशी.

"ताई, रागावू नका हं. तुमचं कधी उघडेल काय नेम? आणि इथं महिन्याचा पगार महिन्याला हातात."

"पगार कुठल्या पैशातून गं?"

"वरून आलेत म्हणे."

आले! म्हणजे पोचले एकदाचे! फक्त खिडकीच्या अलीकडे यायच्या ऐवजी कोपऱ्यात जाऊन बसले. चष्मेवाल्यांना विचारलं तर म्हणाले, "आधी वाटपाची व्यवस्था, मग वाटप. नियम आहे."

मावशीवर चिडणार कशी? ठमी तर तिला बघताच माझ्या कडेवरून उडी मारून गेली. मावशीपुढे दोरी बांधलेली एक वही होती, मुलांची नोंद ठेवायला. मावशीला सही येते, लिहिता येत नाही. म्हणाली, "ताई, तेवढं मांडून द्या की. तुमचं अक्षर मोत्यासारखं." आणि मी... सवय मेली! पाळणाघर चालवणाऱ्या बाईला कोरी वही दिसली की हात शिवशिवतात. रकाने आखले. नाव, वय, आली कधी, गेली कधी, काय खाल्लं, झोपली का. पहिलं नाव ठमीचं. मग बाकीच्याही रांग लावायच्या, "आमच्या बाळाचंही लिहा ना." रोज सकाळी आधी वही, मग रांग. तेवीस दिवस. शेवटी शेवटी तर एखादं मूल आलं नाही तर मी मावशीला विचारायची, का गं, ताप-बिप नाही ना?

चोविसाव्या दिवशी मॅडमनी आत बोलावलं. खुर्ची दिली. घरमालकाच्या मुदतीला तीन दिवस उरलेले. माझ्या डोळ्यांपुढे रंगवलेल्या खुर्च्या. मॅडमनी कागद वाचला, मऊ आवाजात: "अर्जदाराच्या परिसरात मदतनिधीतून एक पाळणाघर उत्तम रीतीने सुरू असल्याचे आढळून आले. सबब दुसऱ्यास साहाय्य दिल्यास खर्च दुबार होईल. अर्ज नामंजूर."

"कुठलं पाळणाघर, मॅडम?"

त्यांनी पुरावा पुढे सरकवला. वहीच्या प्रती होत्या. पहिलं नाव, ठमी. झोपली का, हो.

"इतका नीटस हजेरीपट अख्ख्या राज्यातून आला नाही," मॅडम म्हणाल्या. "वर पाठवलाय आम्ही, नमुना म्हणून."

"मॅडम, हे मी लिहिलंय."

त्यांनी माझ्याकडे अगदी मायेनं पाहिलं. "मग स्वतःचा का नाही हो असा भरलात?"

खरंच, का नाही भरला? घरी येताना मी हाच विचार करत होते, म्हणजे बघा.

खोल्या गेल्या. तिथं आता झेरॉक्सचं दुकान आहे, मदतीच्या अर्जाच्या प्रती काढायला तुफान गर्दी. दुकानदाराला अर्ज भरून देणारी बाई हवी होती, चांगल्या अक्षराची. सध्या ती मी. माझ्याच खोलीत, खिडकीपाशी, जिथं पाळणा होता तिथं टेबल. लोक विचारतात, "ताई, मिळतील का हो पैसे?" मी सांगते, "वरून निघालेत."

आणि हो, नामंजुरीवर अपील करता येतं. मी केलंय. मिळेल अशी आशा? छे हो. पण बालकोपरा फक्त अर्जदारांच्या मुलांसाठी आहे. अर्ज प्रलंबित तोवर मूल आत. कामावर जाताना ठमीला रोज तिथंच सोडते, वहीत नाव लिहिते आणि चष्मेवाल्यांना विचारते, "माझ्या अपिलाचं काही?" ते म्हणतात, "नाही अजून."

मी म्हणते, सावकाश होऊ द्या. पोरगी शाळेत जाईपर्यंत काही घाई नाही.