धरणावरच्या दशम्या

सहलीला डब्यात काय न्यायचं असं विचारताय ना, मग आमच्या सासूबाईंचं ऐका. सासरे गेले आणि त्यांचं जेवणावरचं मनच उडालं. घास-दोन घास खायच्या आणि ताट सरकवायच्या. त्या उन्हाळ्यात आमच्याकडे गंगापूर रोडला रोज संध्याकाळी लोडशेडिंग असायचं. आम्ही गच्चीवर चटई टाकून बसायचो. एकदा मी यांना म्हटलं, "रविवारी धरणावर जाऊ या. पुरी-भाजी करते."

अंधारातून सासूबाईंचा आवाज आला, "पुऱ्या वातड होतात गं. दशम्या कर."

यांनी मला कोपरानं ढोसलं. मग मी हळूच विचारलं, "आणि दशम्यांबरोबर काय, आई?"

"शेंगदाण्याची चटणी. दही मडक्यातच लावायचं, वाटेत घट्ट होतं. काकडी मात्र तिथेच चिरायची, पाण्याकाठी."

मग रोज अंधार पडला की त्या बोलायच्या आणि आम्ही डोळे मिटून मनातल्या मनात जेवायचो. कधी भरली वांगी असायची, कधी माहेरच्या शेतातला हुरडा. खाली येऊन ताटावर बसल्या की मात्र पुन्हा घास-दोन घासच.

शेवटी एका रविवारी धरणावर गेलोच. झाडाखाली चादर अंथरली. समोर पाणी नुसतं चमकत होतं. मी त्यांच्या हातावर दशमी आणि चटणी ठेवली. पाण्याकडे बघत, सावकाश चावत त्यांनी अख्खी दशमी संपवली आणि हात पुढे केला.

"चटणीत मीठ कमी पडलंय. अजून एक दे."

सासूनं नावं ठेवलेली इतकी गोड मला पुन्हा कधी लागली नाहीत.