एकच माशी, तीन रविवार

…नाही, पण मी म्हणतो चौसष्ट कायले पाह्यजे? माशाले तोंड एक, त्या तोंडात गळ जाणार एक, मंग डब्बीत चौसष्ट माश्या कायले? तुम्हाले सांगतो, आमच्या उर्वशीनं, म्हणजे माह्या पोरीनं, पुण्याहून ही मासे धरायची काठी पाठोली, 'बाबा आता घरीच बसले, त्यायले काहीतरी छंद पाह्यजे' म्हणून, लय मायेनं पाठोली, त्याबद्दल माह्यं काही म्हणणं नाही, पण काठीसंगं एक डब्बी, आन डब्बीत चौसष्ट माश्या! माश्या म्हणजे गुळावर बसतात त्या नाही हो, गळालेच पिसं, दोरे, चमकी बांधून खोटा किडा केला असते, त्याले तिकडचे लोक माशी म्हणतात. गांडूळ नाही, कणकेची गोळी नाही, हा पिसांचा किडा पाण्यावर फेकायचा आन मासा फसते म्हणे. लाल, हिरवी, मिशावाली, डोळेवाली, एक त अशी झगमग की कोण्या नाचाच्या पार्टीतून पळून आली असं वाटे! जावई फोनवर म्हणे, "बाबा, सकाळची वेगळी असते, दुपारची वेगळी, गढूळ पाण्याची वेगळी, ऊन पडलं की वेगळी." म्हटलं जावईबापू, तलावात मासा हाय का नवरदेवाची बहीण, दर घंट्याले नवा थाट पाह्यजे तिले? एकच माशी! दुसरी नाही!

आता तुम्ही म्हणान, हा माणूस असा आडमुठा काहून? बाप्पा, मी चौतीस वर्ष दिग्रसच्या बाजारात साडीच्या दुकानात गादीवर बसलो. चौतीस वर्ष! लग्नाचा बस्ता बांधाले लोक येत, एक नवरी आन तिच्यासंगं अठरा जणी, मामी, मावशी, आत्या, शेजारीण, शेजारणीची जाऊ… आन मी पहिली साडी उलगडली की सुरू. "भाऊ, याच्यातच आबोली दाखवा." दाखोली. "काठ जरा बारीक." दाखोला. "हे उजेडात कशी दिसते?" अन् साडी घेऊन अख्खं खटलं दुकानाबाहेर, रस्त्यावर, एसटी थांबते त्यायच्यासाठी! दुपार होये, माह्यासमोर साड्यायचा ढीग, ढिगामांगं मी, फक्त टोपी दिसे. दीडशे साड्या! आन मंग नवरीची माय काय म्हणे सांगू? "भाऊ, ते पहिली दाखोलती ना, तेच द्या." तेच द्या!! मंग मधातल्या एकशे एकोणपन्नास काय माह्या तेरवीले नेसाच्या होत्या का? आन त्यायच्या घड्या कोण घाले? मीच! त्याच दिवशी मी कसम खाल्ली, चौतीस वर्ष रोज खाल्ली, की बा, आपल्या स्वतःसाठी काही घ्यायची पाळी आली त एक घ्यायचं, अन् तोंड फिरवायचं. म्हणून म्हणतो, एकच माशी!

पण एक म्हटलं तरी कोणती एक? तिथं माह्यी चौतीस वर्ष कामी आली. आंगणात पांढरं धोतर अंथरलं, चौसष्ट माश्या रांगेनं मांडल्या, उन्हात. कपडा दिव्याखाली कोणालेही फसवते, उन्हात नाही फसवत. मंग बकेटीत पाणी घेतलं आन एकेक बुडवून पाह्यली, कोणती कशी हालते. आमची पंचफुला, म्हणजे घरची, बाहेर आली, "अहो! प्यायच्या पाण्यात किडे टाकून राह्यले? भ्रमिष्ट झाले का?" म्हटलं, हे किडे खोटे हायेत. म्हणे, "येडेपण त खरं हाय ना!" पण बाईमाणूस, उभी राह्यली, वाकली, बोट लावलं, आन म्हणे, "हे गुलाबी घ्या. टिकल्यायची. शोभून दिसते." कोणाले शोभते? माशाले का मले?

मी काळी घेतली. निरी काळी, मांगं पिसाचा झुपका, गळ्याभोवती कोंबड्याच्या मानेचं पीस. पाण्यात टाकली की झुपका असा हाले की बेडकाचं पिल्लू म्हणा, जळू म्हणा, ज्याले जे वाटन ते समजून खा! गढूळ पाण्यात काळं दिसते, उन्हात काळं दिसते, ढगात काळं दिसते, अजून काय पाह्यजे? आन बाकीच्या त्रेसष्ट, डब्बीसकट, दुसऱ्याच दिवशी जावयाले परत धाडल्या. जावई म्हणे, "बाबा, तुटली-हरवली तर?" म्हटलं, हरवली त हरवली! एकच माशी!

सामानाचंही तसंच. गोपालच्या पानठेल्यावर ज्याले पाहा त्याले अक्कल फुटलेली. "पंजाबभाऊ, काळा चश्मा लागते." "पंजाबभाऊ, मांडीवरी येतात ते रबरी बूट लागतात." "बारा खिशायचं जाकीट लागते, मी मोबाईलवर पाह्यलं." अबे, एका माशीले बारा खिसे? म्हटलं, नऊ फुटाची एक काठी, पाण्यावर तरंगणारी एक जाड दोरी, तिच्या टोकाले दोन हात तंगूस, म्हणजे नायलॉनचा बारीक धागा, तंगसाले माशी, डोक्याले दुपट्टा, पायात चप्पल. संपलं!

पण खरी गोष्ट पुढंच हाय. आमच्या गावाबाहेरचा तलाव मच्छीमार सोसायटीच्या ठेक्यात हाय, आन सोसायटीचा अध्यक्ष देवसिंग. चोरून मासे नेतात म्हणून धुणं धुवाच्या बाया सोडल्या त बाहेरच्या माणसाले काठावर उभं बी राहू देत नाही. मी इचाराले गेलतो. काठी पाह्यली, माशी पाह्यली, आन असा हासला, असा हासला, खोकला आला त्याले. "पंजाबभाऊ, ह्या झुरळानं मरळ काढता?" मरळ म्हणजे आमच्या तलावातली वस्ताद, सापासारखं तोंड, दगडासारखं डोकं, जाळ्यातूनही निसटते. मले राग आला. म्हटलं, मरळच काढतो! म्हणे, "ठीक. तीन रविवार देतो. एक मरळ बाहेर काढा, जिंदगीभर काठ तुमचा. नाही निघाली, त हे काठी घरी, आन तुम्ही बी घरी."

आता तुम्हाले वाटन, त्यात काय एवढं? लय हाय! मालकाच्या पोरानं दुकानात काच लावली, एसी लावला, पोट्ट्या ठेवल्या, आन मले शाल-नारळ देऊन म्हणे, "काका, आता आराम करा." घरी आराम कसा असते? "पाय उचला, झाडाचं हाय." "पंख्याखाली कायले बसले, तिथं पापड हायेत." तुम्हाले सांगतो, त्या काठावर मी पहिल्यांदा उभा राह्यलो, समोर निरं पाणी, एकही माणूस मले 'दाखवा' म्हणत नाही… छातीत कसं मोकळं झालं हो. मले तो काठ पाह्यजे होता. मासा गेला खड्ड्यात, काठ पाह्यजे होता!

पहिला रविवार. मोबाईलच्या व्हिडिओत एक गोरा शिकवे, काठी मांगं न्या, थांबा, मंग पुढं. मी मांगं नेली, थांबलो, आन पुढं येईचना! मांगं पाह्यतो त काय, धुणं धुवाले आलेल्या विमलताईच्या पदराले माशी! "अरे मेल्या पंजाब्या! वय काय, करतं काय!" मी धावलो, माशी सोडवाले पदर हातात घेतला, आन चौतीस वर्षाची सवय हो, तोंडातून निघून गेलं, "विमलताई, हा माल सुरतचा हाय, दोन धुण्यात रंग जाईन, कोणी फसोलं तुम्हाले?" बस! धोपटणं घेऊन मांगं लागली माह्या! देवसिंग काठावर बसून मांड्या ठोके.

दुसरा रविवार. मांगं बाई नाही, बकरी नाही, नीट पाह्यलं. बाभूळ नाही पाह्यली! माशी जाऊन बसली शेंड्यावर. लोक म्हणे, "ओढा भाऊ, तंगूस तुटन, दुसरी बांधा." दुसरी? कोणती दुसरी? हाय कुठं दुसरी? एकोणसाठाव्या वर्षी मी बाभळीवर चढलो! काटे कुठं कुठं लागले ते मी पंचफुलाले बी नाही सांगतलं. खालून गोपाल ओरडे, "पंजाबभाऊ, अजूनही वेळ हाय, गांडूळ घ्या, मी आणून देतो!" मी वरून ओरडलो, एकच माशी!! पोपट उडाले. माशी सोडोली, खिशात घातली, उतरलो, तवरोक रविवार संपला.

तिसऱ्या रविवारी अर्धं गाव काठावर, तमाशा पाहाले देवसिंगनंच येऊ देल्लं. विमलताई बी, पण साडी खोचून, दूर. सकाळची दुपार झाली, मी त्या गोऱ्याच्या हिशेबानं फेकून राह्यलो, दोरी माह्याच पायाशी पडून राह्यली, वेटोळं. लोकायनं चिवडा काढला. देवसिंग घड्याळ पाहे. आन मले असा राग आला, गोऱ्याचा, देवसिंगचा, मालकाच्या पोराचा, साऱ्यायचा! म्हटलं चुलीत गेला तो मोबाईल! तुम्हाले माहीत हाय का, साडी कशी फेकतात? गादीवर बसून घडीचं टोक धरायचं आन नुसत्या मनगटाचा एक झटका, खांदा हालला नाही पाह्यजे, साडी सुर्रकन हवेत उलगडते आन पदर बराबर नवरीच्या मायच्या मांडीवर जाऊन पडते, अलगद. चौतीस वर्ष हेच केलं ना बे मी! धरली काठी, समोर तलाव नाही, बस्त्याचं गिऱ्हाईक हाय असं समजलो, आन मारला झटका…

सुर्रर्रर्र! दोरी उलगडली, उलगडली, पार त्या पाणवेलीपर्यंत, आन माशी अशी टेकली, पाण्याले कळलं बी नाही. लोकायचा चिवडा तोंडातच. मी हळूच ओढली, एक वीत, दोन वीत, आन धप्पकन पाणी फुटलं! "अरे याडी!" आपल्या बंजारा बोलीत मायचं नाव घेत देवसिंग उभाच राह्यला! काठी कमानीवानी वाकली, मले त वाटलं मीच जातो आत! दहा मिनिटं! ती तिकडं, मी इकडं, चप्पल चिखलात, दुपट्टा गळ्यात, गोपाल मले कंबरेले धरून, विमलताई ओरडे, "सोडू नको पंजाब्या, सोडू नको!" काठापासून दोन हातावर आली, काळी, मांडीएवढी, साऱ्यायनं डोळ्यानं पाह्यली… आन फटकन. तंगूस तुटला. मरळ गेली. माशी बी गेली.

मंग सारेच एकदम बोलाले लागले. गोपाल म्हणे, "लागली म्हणजे काढली!" देवसिंग म्हणे, "बाहेर काढा, असं ठरलं होतं. बाहेर आली का?" विमलताई म्हणे, "अरे, माणूस चिखलात गेला तुमच्या मरळीपायी, त्याले तरी मोजा!" देवसिंग काही वाईट माणूस नाही, पण शब्दाचा पक्का. "पंजाबभाऊ, काठी घरी." तिकडं गोपालनं कळोलं तसा उर्वशीचा फोन, "बाबा, डब्बी परत पाठवू?" म्हटलं, खबरदार! माह्यी माशी एकच! आन तिथंच माह्या डोक्यात उजेड पडला. मी देवसिंगले म्हटलं, ठीक हाय, काठी घरी. पण माह्यी एकुलती एक माशी तुमच्या तलावात हाय. तुमच्या सोसायटीच्या मरळीनं नेली. माह्यी वस्तू मले परत भेटेस्तोवर मी काठावरून हालत नाही!

सोसायटीची मीटिंग बसली, तुम्हाले खोटं वाटन, मिनिटबुकात ठराव झाला: 'सदर इसमास त्याची माशी परत मिळेपर्यंत दर रविवारी काठावर बसण्यास हरकत नाही, काठी आणू नये.' ठराव! माह्या नावाचा! लोक हासले, हासू द्या. तेव्हापासून मी दर रविवारी जातो. भाकर, ठेचा, पाण्याची बाटली. पिंपळाखाली बसतो. तिकडं देवसिंगही आता येऊन बसते थोडा वेळ. घरी पंचफुला म्हणते, "काठी नाही, माशी नाही, मंग जाता कायले?" म्हटलं, ठराव हाय!

आन मागच्या रविवारी, सोसायटीनं मोठं जाळं ओढलं. मी आपला भाकर खाऊन राह्यलो. पाह्यतो त देवसिंग धावत येऊन राह्यला, पायजमा गुडघ्यापर्यंत, तोंड भरून हासू, "पंजाबभाऊ! पंजाबभाऊ! सापडली!" मांडीएवढी मरळ होती म्हणे, आन तिच्या जबड्यात… त्यानं स्वतः काढली, आपल्या दुपट्ट्यानं पुसली, माह्या तळहातावर ठेवली. "घ्या. तुमची अमानत. झाला बाप्पा ठराव पुरा, आता जा घरी खुशाल."

काळी. मांगं झुपका, जरासा कुरतडलेला. गळ्यात कोंबड्याचं पीस. आन माह्या हाताची गाठ हो, माह्या हाताची गाठ मी नाही ओळखणार? मी तिच्याकडं पाह्यलं. मंग पाण्याकडं पाह्यलं. मंग पिंपळाकडं, भाकरीच्या फडक्याकडं. मी तिले उजेडात धरली, इकडून फिरोली, तिकडून फिरोली, आन अख्ख्या सोसायटीसमोर देवसिंगच्या हातात परत ठेवली. म्हटलं, "नाही देवसिंगभाऊ. ही नव्हे. माह्यी जरा जास्त काळी होती."

काय करता बाप्पा… माणसाले बसाले जागा पाह्यजे ना.