हळू जीपचा पाठलाग

जमलेल्या सगळ्या माणसांनो, भाभी, आणि पुढच्या खुर्चीत बसलेले आमचे निर्माते साहेब,

माईक हातात आला की मी आधी ‘चेक, चेक’ म्हणतो. आज तेबी निघंना. रफिकभाई गेले, आणि बोलायला मला उभं केलंय. वर बॅनर बघा. श्रद्धांजली भाईंना, पण मोठा फोटो साहेबांचा. भाई कोपऱ्यात, तिकिटाएवढे.

मी चाकूरचा. शाळा अर्ध्यात सोडली, ट्रकवर क्लीनर झालो, मग माहूरला बांगड्यांच्या दुकानात लागलो. भाई तिथं लग्नाची शूटिंग करून राहिले होते. त्यांच्या पायाशी माझ्या हातून बांगड्यांचा अख्खा डबा सांडला. मालक शिव्या देतोय आणि भाई म्हणतात, “फिरसे गिरा रे, आवाज घेतो!” मालकानं हाकललं, भाईंनी नांदेडला आणलं, माईक धरायला शिकवलं. त्या मालकाची एक गंमत सांगतो... जाऊ द्या. आज ती न्हाई.

भाईंचं पोट लग्नांवर, जीव पिक्चरच्या पाठलागात. मला विचारायचे, “पाठलागात पळवायचं कुनाला, मियाँ?”

मी म्हणायचो, “हिरोला.”

“अबे न्हाई. बघनाऱ्याला. जीप हल्लू चलने दे.”

आणि जीप खरंच हळू चालायची. बैलगाडी पुढं जाईल इतकी हळू. भाई बाइकवर मागं तोंड करून बसायचे, चालवणाऱ्या बालाजीच्या कमरेला टॉवेलनं बांधलेले. कॅमेरा खाली, पार रस्त्याला टेकल्यागत. जवळची बाभळ, जवळचे दगड झर्रकन जातात आणि वाटतं, काय वेग हाय! जीप मागं लांब असली तरी लांबची लेन्स लावली की पळणाऱ्याच्या पाठीवर आल्यागत दिसते. मग एडिटिंगचं टेबल. पळणारा, जीप. पळणारा, जीप. दर खेपेला तुकडा आखूड. बघणाऱ्याला श्वास घ्यायला जागाच ठेवायची न्हाई.

आणि आवाज? जीपच्या इंजिनाची घरघर म्हणजे भाभींची शिलाई मशीन! हाव, भाभी, हसा. तुम्हीच पायडल मारत ओरडला होता, “ब्लाउज शिवू का तुमची जीप हाकू?” लोकांनी तो पाठलाग पडद्यावर बघितला तवा एक म्हातारा खुर्चीवरून उठून हिरोला ओरडला, “पळ रे बाबा!” भाई लई खूश. कुणाला खरचटलं न्हाई आणि सगळे घाबरले, ह्याचीच त्यांना मजा.

मग साहेबांचा पिक्चर आला. मुदखेडच्या रस्त्यावर शूटिंग. मी कडेला माईक धरून उभा. साहेब म्हणले, “हे काय, वरात काढताय का? खरी स्पीड पाहिजे.”

भाई म्हणले, “साब, स्पीड मेरे टेबल पे बनती है.”

साहेब म्हणले, “घाबरलात काय?”

साहेब, खाली काय बघता? म्हणला होता का न्हाई? भाईंनी टॉवेल बांधला. तुम्ही जीपवाल्याला हात केला, अजून, अजून. खडीवर जीपचा ब्रेक लागला न्हाई, ती बाइकवर आली. बालाजीचा पाय मोडला. तो आज पलंगावर पडून रडून राहिलाय. भाई जाग्यावर गेले.

आणि आता तुमचे मला फोनवर फोन. “तो शेवटचा शॉट दे. ट्रेलरला टाकू. भाईंना खरी श्रद्धांजली.” श्रद्धांजली? एका माणसावर जीप येताना दाखवून तिकिटं खपवायची, आणि तिला श्रद्धांजली म्हणायचं?

तो शॉट मी बघितलाय, पोलिसांबरोबर. सांगू कसा हाय? काहीच न्हाई त्यात. जीप मोठी होते, चित्र हलतं, संपतं. ना कट, ना लय. तुम्ही आणलेली खरी स्पीड पडद्यावर भाईंच्या हळू जीपपेक्षा हळू दिसते. ह्याच्यासाठी माणूस घालवला.

पोलिसांनी कॉपी घेतली. कॅमेऱ्याचं कार्ड माझ्या खिशात हाय. हे बघा. साहेब, उठू नका, तुमच्यासाठी काढलं न्हाई. भाभी, हे धरा. मोडा, जाळा, ठेवा. तुमच्या माणसाचं हाय, तुम्ही सांगाल तेच होईल.

बसतो आता. एकच राहिलं. जीप अगदी पाठीला भिडली की भाई टेबलावरचे सगळे आवाज बंद करायचे. इंजिन बंद, पळणाऱ्याची धाप बंद. मी विचारलं होतं, असं का? म्हणले, “अब उनको अपना दिल सुनने दे.”

उठा सगळे. मोबाइल बंद करा. साहेब, तुम्हीबी उभे राहा.

मी माईक बंद करतो.