माझ्या पश्चात भांडुपची खोली

ठाक! ठाक! ठाक!... खिळ्यावर हातोडा. अहो, जन्म गेला माझा, तरी कानातून जात नाही तो आवाज, आणि ही कालची पोरं मला सांगतात, "बाबा, पुढचा विचार करा!" तुम्हाला सांगतो, गावाला माझ्या बापाचं बारावं झालं, पाहुणे अजून ओटीवर पान चघळतायत, आणि आत माझ्या दोन काकांनी घराच्या मधोमध फळ्या ठोकायला घेतल्या. अर्धं घर ह्यांचं, अर्धं त्यांचं. आणि माझी आई? ती गेली मागच्या पडवीत, लाकडं आणि कोंबड्यांच्या सोबतीला. कोंबड्या तरी कुणाकडे किती, ते नीट ठरलं होतं हो!

तेव्हा पुढचा विचार मला कुणी शिकवायला नको. पण शिकवतात! मी पडलो सावकाश बोलणारा, माझं वाक्य पुरं होईपर्यंत समोरच्याचा चहा पिऊन होतो आणि तो सल्ला देऊन निघूनही जातो. आज तुम्ही सापडलात, बसा आता!

झालं काय, संप झाला, गिरणी सुटली ती सुटलीच, मी घरी बसलो. घरी बसलेला म्हातारा दिसला की लोकांना म्हातारा दिसतच नाही, त्याची मालमत्ता दिसते! आणि मालमत्ता कसली, तर भांडुपच्या टेकडीखाली चाळीतली एक खोली, वर पोटमाळा, कोपऱ्यात मोरी. पण गल्लीत बिल्डर फिरायला लागला ना... झालं! ज्या खोलीत पाहुणा आला की आम्ही घरातले बाहेर बसतो, ती एकदम 'इस्टेट' झाली.

थोरला लवू माझ्याकडेच राहतो. म्हणजे मी त्याच्याकडे राहतो असं तो मित्रांना सांगतो. तो म्हणाला, "बाबा, पुढचा विचार करा. खोली माझ्या नावावर करून टाका, टेन्शन नको." कुणाला टेन्शन नको, ते नाही सांगितलं. सूनबाई अनुपमा, मॅट्रिक झालेली, ती गोड आवाजात, "मामंजी, आमचं काही नाही हो, पण पुढचा विचार नको का?" धाकटा धोंडू चारकोपला असतो, तो रविवारी धावत आला, "वा रे वा, दादाला मुंबईची खोली आणि मला काय गावचे काजू? काजूवर पोटमाळा बांधू?"

आणि मग माझ्यासमोर, मी जिवंत, हातात बशी, डोळे उघडे... दोघांनी वाटणी केली! खोली लवूची, गावची पडवी नि काजू धोंडूचे, तांब्याचा बंब लवूचा, पाटा-वरवंटा धोंडूचा. मी हळूच विचारलं, "आणि तुमची आई?" लवू म्हणाला, "सहा महिने मी, सहा महिने हा." तर धोंडू लगेच, "पावसाळ्यात मला नको हां, माझ्याकडे गळतं!" बघा... पुढचा विचार! बाई नाही हो, घरातला पापड आहे, दमट हवेत ठेवू नका!

त्या क्षणाला मी ठरवलं. खोली सुगंधाच्या, माझ्या बायकोच्या नावावर. तिला कुणी पडवीत घालता कामा नये. तिला विचारलं नाही. चांगल्या कामात काय विचारायचं!

शेजारचा भीमराज, माणूस लाखाचा, त्यानं मृत्युपत्रासाठी ओळखीतला वकील आणला, मुलुंडचे जयंतीभाई. पुढच्या रविवारी घरीच आले. आल्या आल्या, "काका, बहु सारूं! फ्यूचरचा विचार करायलाच पायजे ने!" घ्या, यांचाही तोच. साक्षीदार म्हणून भीमराज आणि त्याचा मेहुणा रतन खाटेवर बसले, पोरं दारात तोंडं पाडून उभी, सुगंधा स्टोव्हपाशी चहा गाळत होती. वकिलांनी घसा खाकरून वाचायला घेतलं, "मी काशीराम... माझ्या पश्चात सदर खोली माझी विधवा सुगंधा हिने..."

गाळणं खाली पडलं.

आता माझी अक्कल बघा! ही बाई लग्नापासून दर वर्षी वडाला फेऱ्या मारते, उपास करते, देवाकडे एकच मागते, ह्यांच्या आधी मला ने, भरल्या कपाळानं. आणि मी, तिचा नवरा, तिच्यावर माया म्हणून, स्टॅम्पपेपरवर तिला विधवा करून ठेवली! वर दोन साक्षीदार बोलावले! चहा पण तिलाच टाकायला लावला!

मला वाटलं, आता कप फुटणार. पण ती पदराला हात पुसत आली, वकिलांसमोर बसली आणि शांतपणे म्हणाली, "आणि मी आदी गेलंय तर?"

वकील खूश. "तो खोली काकाचीच राहते, काकी. मग मुलांना."

"खोलयेचा नाय विचारूक मी. ह्यांका सकाळी पेज लागता. मऊ, मीठ कमी, सावकाश जेवतत. ती कोण देतलो? ता लिवा."

"काकी, ते मृत्युपत्रात येत नाय. यात फक्त वस्तू येतात."

"कित्याक? त्या दिवशी पोरांनी माका पाट्या-वरवंट्याबरोबर वाटल्यानी ना!"

भीमराजनं मान खाली घातली. रतन चाळीचं छप्पर बघायला लागला. तुम्हाला सांगतो, मी एवढा विचार केला, तिचं छप्पर, तिची मोरी, तिचा पोटमाळा... माझ्या पेजेचा विचार मला शिवला नव्हता हो. ती मात्र स्वतःचं मरण एका हातात घेऊन दुसऱ्या हातानं माझं ताट वाढत होती.

मग ती वळली. "लवू, तू देशीत?"

लवूनं अनुपमाकडे पाहिलं. अनुपमानं धोंडूकडे. धोंडूनं घड्याळाकडे, आणि त्याचं घड्याळ बंद असतं! वकील पेन उघडून बसलेले, म्हणाले, "बोल ने भाई, दोन ओळी जास्ती लिवतो."

लवूनं चपला घातल्या आणि निघून गेला. चला... एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच माझा मुलगा मला पुढचा विचार करायला न सांगता घराबाहेर पडला.