म्हाळूनं सजवलेली केबिन

ऐका. आन् ए सुदाम, ती फटफटीची किल्ली बोटात फिरवू नगंस. खाली ठेव. बिब्याच्या खिंडीतनं जाणार म्हणतोस न्हवं? तासभर वाचतो म्हणं! वाचव बाबा, वाचव. पण आधी हे ऐक, मग ठरीव जायचं का न्हाई. शेकोटीत दोन लाकडं सारा रं कुणीतरी. आन् मधी हसायचं न्हाई. ज्याला हसायचं आसंल त्यानं आत्ताच हसून घ्या.

आपल्या आळीतला म्हाळू वाघमोडे. तुमच्यातल्या निम्म्यांनी त्याला बघितलाच न्हाई. तालुक्याला स्टँडमागं त्याचं कुशनचं दुकान हुतं. ट्रकाच्या केबिनी सजवायचा. सीटा, छत, दारं, झालरी. फाटकी सीट त्याच्या हातात द्या, नवरीगत नटवून परत द्यायचा. माझा शेजारी, भिंतीला भिंत. म्हणून सांगतो ते इकडचं तिकडचं न्हाई. त्याच्या तोंडनं ऐकलंय, आन् शेवटचं तर या डोळ्यांनी बघितलंय.

आता आपलं गाव कसलं? उंबऱ्याउंबऱ्याला पलटणीतला एक शिपाई. म्हणून आपल्यात रिवाज हाय, तुम्हाला ठाऊक हाय, पण परत सांगतो. वर्दीतला माणूस रस्त्यात दिसला की गाडी थांबवायची. रात्र आसो, घाई आसो. त्याला खिडकीकडंला बसवायचं. कोण, कुठला, विचारायचं न्हाई. दमून आलेला आसतो. आपणहून बोलला तर बोलला. हा आपला रिवाज. चांगला हाय. पण त्यानंच म्हाळूचा घात केला असता!

तर काय झालं. आपल्या अंकुश जगदाळ्यानं लिलावात मिलिटरीचा जुना ट्रक घेतला. ऊस वाहायला. गाडी कसली, हत्ती हुता हत्ती! पण केबिनीत बसवंना. नुसतं लोखंड. हिरवा रंग, त्याचे पोपडे निघालेले. डायवरची एक सीट, डावीकडं शेजाऱ्याची एक सीट, दोन्ही जाड ताडपत्रीच्या. मधी रायफली अडकवायच्या दोन पकडी. बास. अंकुश म्हणला, "म्हाळूअण्णा, आत बसलं की मांडवात बसल्यागत वाटलं पायजे."

म्हाळूला काय, एवढंच पायजे हुतं! गडी भिडला. पकडी कापल्या. दोन्ही सीटा उपटल्या आन् दुकानामागं पेटवून दिल्या. डाव्या सीटचा काथ्या बाहेर काढला तर आतनं काळाकुट्ट, दगडागत आवळलेला. काय सांडलं आसंल? म्हाळू म्हणला, आईल आसंल. आईल! मग हिरवा रंग खरवडून गुलाबी दिला. छताला प्लायवूड, त्यावर लाल रेक्झिन, चमकती बटणं. या दारापासनं त्या दारापर्यंत एकच लांब सीट, फोमची. काचेवर झालर. रंगीत बल्ब, टेप, खंडोबाचा फोटू. बघणारा बघतच राहायचा.

त्याच दिवसांत म्हाळूला पोरगी झाली. लई वर्षांनी, नवसासायासानं. बारसं ठरलं, आन् आदल्या दिवशी पारूचा, म्हंजे त्याच्या बायकोचा, निरोप आला. "बाप पाळण्याजवळ नसंल तर पाळणा हलू द्यायची न्हाई." बाई तशीच हुती, बोलली म्हंजे बोलली. इकडं झालरीचं काम सरता सरता दिवस बुडाला. एस्टी ग्येली. अंकुश म्हणला, "ट्रकच घेऊन जा की. माझा आज तालुक्यातच मुक्काम हाय. सकाळी मी येऊन नेतो." म्हाळूला चालवता येत हुतं. आन् पोरीच्या ओढीनं त्यानं मोठी सडक सोडली, धरली बिब्याची खिंड!

काळोख. चांदणं न्हाई. पण आत बल्ब लागल्यात, टेप वाजतोय, म्हाळू खुशीत. चढ संपला. माथ्यावर बिब्याचं झाड हाय ना, त्याच्या बुडाला उजेड पडला तर माणूस उभा. वर्दीतला. पायाशी ट्रंक. हात वर केलेला न्हाई, काय न्हाई. नुसता उभा.

म्हाळूनं ब्रेक दाबला. आपल्या गावचाच न्हवं! दाबणारच! दार उघडून म्हणला, "या जवान, बसा." माणूस चढला. ट्रंक पायाशी ठेवली. खिडकीकडंला बसला. दार लावलं. आन् बगा, दाराचा आवाज झाला न्हाई.

गाडी उताराला लागली. गाणं चालूच. मग तो माणूस मान फिरवून फिरवून केबिन बघाय लागला. वर बघितलं, खाली बघितलं. म्हणला, "लई सजवलीस रं."

म्हाळू फुगला. "सगळं या हातांनी केलंय."

"पकडी कुठं ग्येल्या?"

"कसल्या?"

"रायफलीच्या. आपल्या दोघांच्या मधी हुत्या की."

म्हाळूला वाटलं, आसंल मिलिटरीतला, त्याला ठाऊक आसणारच. गेर बदलायला हात खाली नेला. कोपराला गार लोखंड लागलं! बघतो तर दोन पकडी. जागच्या जागी. ज्या यानं आपल्या हातानं कापून भंगारात टाकल्या हुत्या त्या!

हात झटकन मागं घेतला. पण म्हाळू भित्रा न्हवता हां. काय तरी भास, म्हणून पुढं बघितलं. तो माणूस परत म्हणला, "एवढा उजेड कशाला? आपण दिवे बंद करून जायचो." रंगीत बल्ब विझले. एकदम न्हाई. एक एक. पिवळा, मग निळा, मग लाल. टेप थांबला. हात लावून बघितला तर टेपच न्हाई! नुसता गार पत्रा. खंडोबाचा फोटू कुठाय? न्हाई! झालर? न्हाई! पुढच्या दिव्यांचा जेवढा उजेड आत येत हुता त्यात गुलाबी रंगाचे पोपडे पडाय लागले. भराभरा. खालनं हिरवा रंग वर आला, ओला, नव्या वासाचा.

समजलं का? अरं, यानं जेवढं नवं केलं हुतं तेवढं तो माणूस उलटं करत चालला हुता! हात न लावता!

डोक्यावर बटणं तुटल्याचा आवाज. टक. टक. टक. रेक्झिन सुरकुतलं आन् कुठं ग्येलं कळलं न्हाई. बुडाखालचा फोम बसत ग्येला, बसत ग्येला, आन् काथ्या टोचाय लागला. लांब सीटचे दोन तुकडे झाले. ताडपत्रीच्या दोन सीटा. जाळलेल्या सीटा रं! डावीकडनं वास आला. म्हाळूनं त्या दिवशी ज्याला आईल म्हणला हुता त्याचा. आता त्याला कळलं, आईल न्हाई ते.

म्हाळूनं ब्रेक दाबला. पाय खोल ग्येला, गाडी थांबंना. दाराची मूठ धरली तर आपण बसवलेली स्टीलची मूठ न्हाई, जुनी गंजकी. हलंना. आन् शेजारी तो, नीट बसलेला, मांडीवर हात. म्हणला, "झालं. सगळं जागच्या जागी आलं. एकच उरलं."

म्हाळू कसंबसं म्हणला, "काय?"

"डायवर."

ए, कोण उठतंय? बस खाली. आता उठायचं न्हाई.

म्हाळूनं स्वतःच्या हाताकडं बघितलं. बाही हिरवी! पांढरा शर्ट घालून निघालेला माणूस, आन् अंगात वर्दी. पितळी बटणं. कमरेवरनं सीटचा ताडपत्रीचा पट्टा आवळलेला. तो माणूस त्याच्याकडं वळला आन् मायेनं, अगदी मायेनं म्हणला, "कुठं ग्येलतास इतके दिस, केरबा?"

"मी केरबा न्हवं. मी म्हाळू. म्हाळू वाघमोडे. घरी बायको वाट बघती माझी."

"कुठली बायको? तुझं लगीन कुठं झालंय, केरबा?"

आन् पोरांनो, म्हाळू मला म्हणायचा, त्या वक्ताला मला वाटलं, खरंच की! कुठं झालंय? बायकोचं नाव आठवंना. आपली आळी आठवंना. पोरीचं तोंड डोळ्यांपुढं आणतोय, येत न्हाई. माणसाच्या जिवाला याच्यापेक्षा मोठं भ्या कुठलं? मरणाचं भ्या परवडलं. हे आपण जित्ते असून आपल्यातनं पुसून जायचं!

तो बोलतच हुता. "हे वळण आठवतंय? इथंच ब्रेक ग्येला. तू दार उघडलंस आन् उडी टाकलीस. मी झोपलो हुतो रं, गाडीसंगं दरीत ग्येलो. गाडी मागनं वर काढली, मी इथंच ऱ्हायलो. एक हाक मारायची हुतीस. एक हाक." आवाजात राग न्हवता. म्हाळू सांगायचा, राग असता तर बरं झालं असतं. "आता संगं जाऊ. या खेपेला संगं."

पुढं वळण. वळणाखाली दरी. गाडी सुटलेली. म्हाळूचे हात स्टेरिंगवर, पण वळवायचे कुणी? हात केरबाचे झालेले! मन म्हणाय लागलं, जाऊ की संगं. बिचारा किती दिस वाट बघतोय. त्यानं डोळे मिटले.

मग बगा, कमरेला काय तरी टोचलं. कुशन कापायची रापी. दिवसभर काम करून धोतराच्या कनवटीला खोचलेली तशीच राहिली हुती. मिलिटरीच्या माणसाकडं रापी कुठनं येणार? ती केरबाची न्हवती. म्हाळूची हुती! त्यानं मुठीत धरली आन् नाव न्हाई, गाव न्हाई, हातच चालला. आयुष्यभर ताडपत्री कापलेला हात! पट्टा फाडला. वर्दी गळ्यापासनं खालपर्यंत फाडली. दाराला खांदा दिला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा दार उघडलं आन् म्हाळूनं अंग टाकलं!

खडीवर पडला. कातडं सोललं. आन् पुढनं, जाणाऱ्या गाडीतनं, हंबरडा ऐकू आला. "या खेपेला बी सोडलंस, केरबा!"

मग पत्र्याचा आवाज. लई खालपर्यंत. मग काय न्हाई.

आता पुढचं माझ्या डोळ्यांनी बघितलेलं. पहाटं म्हाळूच्या दारावर थाप पडली. डोक्यातनं वाट पुसलेली, पण पायांना ठाऊक हुती. पारू आतनं म्हणली, "कोण?" मी माझ्या ओट्यावर तोंड धूत हुतो. म्हाळू उघडाबंब, रगतानं माखलेला. आन् म्हणतो कसा? "मी केरबा."

पारूनं दार उघडलं. तिच्याकडं बघतोय, वळख न्हाई. मी म्हणलं, "अरं म्हाळू, मी रे!" माझ्याकडं बी तसाच. पाटावर बसवला, पाणी दिलं, म्हाळू म्हणून हाका मारल्या. ओ देईना. केरबा म्हणलं की लगेच बघायचा.

आम्ही चौघं अंकुशाला घेऊन खिंडीत ग्येलो. ट्रक दरीत उलथलेला. खाली उतरलो. आत गुलाबी रंग न्हाई, रेक्झिनचा एक धागा न्हाई. हिरवा पत्रा आन् ताडपत्रीच्या दोन सीटा. उजव्या, डायवरच्या सीटचा पट्टा कापलेला. माणूस कुठं न्हाई. अंकुश म्हणला, "राहू दे इथंच. मला नगं ही गाडी." अजून तिथंच हाय ती.

परत आलो तर घरात बायका जमलेल्या. बारसं करायचं का न्हाई, कुणाला कळंना. म्हाळूची बहीण हौसाक्का मोठी खमकी. म्हणली, "करायचं. पोरीला नाव द्यायचं हाय." पोरगी पाळण्यात घातली. हौसाक्का वाकली, पोरीच्या कानात कुर्रर्र केलं, बानाई नाव ठेवलं. बायकांनी तिच्या पाठीत धपाधप मारलं. सगळं रीतीनं. आन् मग ती सरळ उठली, कोपऱ्यात बसलेल्या भावाकडं ग्येली. त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं. एवढा मिशावाला बाप्या, आन् त्याच्या कानात ओठ लावून म्हणली, "कुर्रर्र. म्हाळू." परत म्हणली. "म्हाळू. आमचा म्हाळू." रडत हुती आन् म्हणत हुती. कितीतरी वेळानं म्हाळू हळूच म्हणला, "ओ." आन् पाळण्याकडं बघून म्हणला, "माझी पोरगी हाय ती." आसा रडला, आसा रडला, की मी म्हातारा आजबी सांगताना... ऱ्हाऊ द्या.

म्हाळू पुढं लई वर्षं जगला. पण परत कुणाच्या केबिनीतली जुनी सीट जाळली न्हाई त्यानं.

तर सुदाम. तू म्हणशील, मी थांबणारच न्हाई, फटफटी दामटीन. खोटं बोलतोस. तुझा आज्जा पलटणीत हुता, तुझा चुलता आजबी सरहद्दीवर हाय. अंधारात बिब्याखाली दमलेला जवान उभा दिसला की तुझा पाय आपोआप ब्रेकवर जाणार. जायलाच पायजे, न्हाईतर तू आपल्या गावचा न्हवंस. म्हणून तर सांगतो पोरा, त्या वाटेनं जाऊच नगंस. सडकेनं जा. उशीर झाला तर झाला.